ठगांची जबानी : जबलपूरच्या कचेरीतून कादंबरीकडे

विज्ञान, धर्म आणि गुप्त संघटना या तीन धाग्यांनी विणलेली रहस्यकादंबरी आज जगभर वाचली जाते. डॅन ब्राउन या अमेरिकन लेखकाच्या ‘एंजल्स अँड डीमन्स’ (२०००) आणि ‘द दा विंची कोड’ (२००३) या कादंबऱ्यांनी तिला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. अशी कादंबरी ही सर्वस्वी पाश्चात्त्य निर्मिती आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. रोमचे चर्च, पॅरिसचे ग्रंथालय, स्वित्झर्लंडची प्रयोगशाळा अशी तिची घटनास्थळे पाहता तो समज स्वाभाविकही वाटतो. परंतु गुप्त पंथाच्या सभासदाने आपल्या पंथाचे विधी, भाषा आणि कृत्ये स्वमुखाने सांगावीत आणि ती ऐकताना वाचकाचा थरकाप उडावा, हा या कादंबरीप्रकारातील एक महत्त्वाचा घटक आहे. त्याच्या घडणीचा शोध घेऊ लागलो, तर एक वाट थेट नर्मदाकाठी जबलपूरला येऊन पोचते. १८३० नंतरच्या दहा वर्षांत तेथील सरकारी कचेरीत ठगांच्या ज्या जबान्या घेतल्या गेल्या, त्यांनी इतिहासाला एक प्रकरण, कायद्याला एक गुन्हा आणि कादंबरीला एक निवेदक दिला. या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा मिसळल्या, आणि त्यांपैकी कोणती किती विश्वसनीय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जबलपूर हे मराठी वाचकाला परके ठिकाण नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. सागर त्याआधीच गोविंदपंत बुंदेल्यांच्या घराण्याकडे, म्हणजे पेशव्यांच्या सत्तेखाली होते. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले आणि पुढच्या वर्षी सागर-नर्मदा प्रदेश या नावाने हा सारा टापू कंपनीच्या कारभाराखाली आला. नागपूरहून मिर्झापूरला जाणारा मोठा रस्ता जबलपुरावरून जात असे. काशीयात्रेला निघालेले दक्षिणी ब्राह्मण, हुंड्या आणि रोकड नेणारे सावकारांचे जासूद, गंगेच्या कावडी खांद्यावर घेऊन परतणारे कावडवाले, रजेवर घरी निघालेले शिपाई अशी नाना तऱ्हेची माणसे या वाटेने जात. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त आणि मराठ्यांचे शेवटचे युद्ध संपल्यावर हजारो हत्यारबंद माणसे बेकार झाली होती. अशा काळात एकट्याने प्रवास करणे धोक्याचे होते. म्हणून प्रवासी वाटेत सोबत शोधत. आपल्या जुन्या प्रवासवर्णनांतून आणि पत्रव्यवहारातून हा ‘सोबत’ शब्द वारंवार भेटतो. ‘चांगली सोबत मिळाली’ हे वाक्य त्या काळी सुखरूप प्रवासाची हमी होती.

ठगाचा धंदा नेमका या सोबतीवर चालत असे. ‘ठग’ या शब्दाचे मूळ झाकणे, लपविणे अशा अर्थाच्या संस्कृत ‘स्थग्’ धातूत आहे. मराठीत त्याचेच ‘ठक’ झाले आणि ‘ठकास महाठक’ ही म्हण रूढ झाली. दरोडेखोर दारावर घाव घालून येतो. ठग मात्र गोड बोलून, एका ताटात जेवून, एका झाडाखाली मुक्काम करून विश्वास संपादन करी. योग्य जागा आणि वेळ साधली की ठरलेला इशारा होई, रुमाल गळ्यात पडे आणि प्रेते आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात पुरली जात. अशा लुटारूंचे उल्लेख जुने आहेत. जलालुद्दीन खिलजीच्या काळात सुमारे एक हजार ठग दिल्लीत पकडले गेले आणि सुलतानाने त्यांना नावांत घालून बंगालकडे पाठवून दिले, असे झियाउद्दीन बरनीने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात थेवेनो या फ्रेंच प्रवाशानेही दिल्ली-आग्रा रस्त्यावरच्या फास टाकणाऱ्या लुटारूंचे वर्णन केले आहे. तेव्हा ठग हे इंग्रजांच्या कल्पनेचे अपत्य होते, असे म्हणता येत नाही. माणसे मारली जात होती. प्रश्न आहे तो त्या हत्यांभोवती कोणती कथा उभारली गेली आणि ती कोणी उभारली, हा.

या कथेचा मुख्य सूत्रधार विल्यम हेन्री स्लीमन. १७८८ साली कॉर्नवॉल परगण्यात जन्मलेला हा गृहस्थ १८०९ मध्ये बंगालच्या फौजेत दाखल झाला, नेपाळच्या युद्धात लढला आणि १८२० नंतर मुलकी कारभाराकडे वळला. १८२२ ते १८२४ या काळात तो नरसिंहपूरचा अंमलदार होता. आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावरील कंदेली गावात ठगांची टोळी नांदत होती आणि जवळच्याच आमराईत प्रवाशांची प्रेते पुरलेली होती, हे त्या वेळी आपल्या गावीही नव्हते, असे त्याने पुढे लिहिले. १८३० साली कलकत्त्याच्या एका नियतकालिकात निनावी पत्र छापून आले. मिर्झापूरजवळच्या विंध्याचलच्या देवस्थानाशी ठगांचा संबंध जोडणारे आणि सरकारने त्यांच्याविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडावी असे सुचविणारे ते पत्र स्लीमनचे होते. मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, तपासाची मोठी यंत्रणा उभी राहण्यापूर्वीच ठगांचा एक देशव्यापी धर्मपंथ असल्याची कल्पना छापील स्वरूपात वाचकांपुढे आली होती.

त्याच सुमारास फिरंगिया नावाचा ठगांचा जमादार हाती लागला. त्याच्या घरची माणसे अगोदर अटकेत घेतली गेली होती आणि त्यामुळेच त्याला पकडणे शक्य झाले. जीव वाचविण्याच्या अटीवर तो माफीचा साक्षीदार झाला. यानंतरचा प्रसंग स्लीमनने स्वतःच लिहून ठेवला आहे. सलोहदा नावाच्या गावी एका आमराईत त्याचा मुक्काम पडला होता. फिरंगियाने तेथेच तीन जागा दाखविल्या. तंबूच्या दोरखंडांजवळ खणल्यावर १८१८ साली मारलेला एक पंडित आणि त्याचे सहा सोबती सापडले. घोडे बांधले होते तेथे १८२४ साली मारलेला एक हवालदार आणि चार शिपाई निघाले. ज्या तंबूत स्लीमन झोपला होता, त्याच्या जमिनीखाली गंगाजल वाहणारे चार ब्राह्मण कावडवाले आणि एक स्त्री यांचे अवशेष मिळाले. या पुराव्याने फिरंगियाच्या शब्दाला वजन आले. त्या दिवसापासून माफीच्या साक्षीदाराची जबानी हा या मोहिमेचा पाया ठरला.

जबलपुरात आणि सागरात एक नवीच यंत्रणा आकाराला आली. एका साक्षीदाराची जबानी घ्यावयाची, ती दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहावयाची, नावे आणि नाती यांची नोंद करावयाची, टोळ्यांच्या वंशावळी तयार करावयाच्या, प्रेते पुरल्याच्या जागा नकाशावर दाखवावयाच्या आणि साक्षीदारालाच शिपायांबरोबर पाठवून जुने सोबती ओळखून काढावयाचे, अशी तिची रीत होती. गव्हर्नर जनरलचा एजंट एफ. सी. स्मिथ याच्यापुढे खटले चालत. १८३१ ते १८३७ या सात वर्षांत ३,२६६ ठग पकडले गेले, त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला काळे पाणी किंवा जन्मठेप आली. म्हणजे पकडलेल्या दर सातांमागे सुमारे एक जण बोलून वाचला होता. त्याचे बोलणे संपले की त्याची उपयुक्तता संपणार होती, हे तो पुरते जाणून होता. माफीच्या साक्षीदाराला फाशीपासून माफी होती, सुटका मात्र नव्हती. या मंडळींना कुटुंबांसह जबलपुरातच ठेवण्यात आले. १८३७-३८ च्या सुमारास तेथे निघालेल्या उद्योगशाळेत ती आणि त्यांची मुले तंबू, गालिचे, सतरंज्या विणू लागली.

१८३६ साली कलकत्त्यास स्लीमनचा ‘रामसियाना’ हा ग्रंथ छापला गेला. ठग आपापसांत जी सांकेतिक बोली वापरीत, तिचे नाव ‘रामसी’. ग्रंथाचा मोठा भाग या बोलीच्या कोशाने व्यापला आहे. सावज हेरून त्याला बोलण्यात गुंतविणारा तो ‘सोथा’, फास टाकणारा तो ‘भुरतोट’, खड्डा खणणारा तो ‘लुघा’, हल्ल्याचा इशारा म्हणजे ‘झिरनी’, हत्येसाठी निवडलेली जागा म्हणजे ‘बेल’, असे शेकडो शब्द त्यात आहेत. कोशाला जोडून स्लीमन आणि अनेक साक्षीदार यांचे संवाद प्रश्नोत्तरांच्या रूपाने छापलेले आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने हे संवाद अवश्य वाचावेत. त्यांना नाट्याची घडण आहे. एक साक्षीदार सांगतो, दुसरा त्याला दुजोरा देतो, तिसरा आपल्या प्रांतातील चाल वेगळी असल्याचे सांगून वाद घालतो. तथापि प्रश्न विचारणारा एकच आहे. कोणता विषय निघावा, तो कोठे थांबावा आणि हिंदुस्थानीत दिलेले उत्तर इंग्रजीत कसे उतरावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याच हाती आहे.

या ग्रंथातून ठगांचा ‘गुप्त पंथ’ वाचकांपुढे साकार झाला. त्याची तीन लक्षणे सांगितली गेली : स्वतंत्र भाषा, स्वतंत्र धर्म आणि वंशपरंपरा. या तिहींची आपल्या परिचयाच्या गोष्टींशी तुलना करून पाहिली, तर त्यांतील गूढ पुष्कळसे कमी होते.

प्रथम भाषा. धंद्यातली गोष्ट गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून महाराष्ट्रातील दलाल आणि कापडाचे व्यापारी नंदभाषा वापरीत. तिच्यात आकड्यांना निराळेच शब्द होते. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होई, तो याच कारणाने. सांकेतिक बोली ही गटाची गरज असते. तिच्या अस्तित्वावरून धंदा सिद्ध होईल, पंथ सिद्ध होत नाही. जेथे खरोखर पंथ होता आणि सांकेतिक लिपीही होती, अशा महानुभावांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांत बंद केले, त्यामुळे कित्येक शतके बाहेरच्यांच्या मनात त्यांच्याविषयी नाना शंका नांदत राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा आतून निघाले ते मराठी गद्याचे अमोल भांडार. गुप्ततेच्या आड गुन्हाच असतो, ही समजूत किती फसवी आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

दुसरे लक्षण धर्माचे. ठग भवानीची उपासना करीत, कुदळीची पूजा करीत, मोहिमेवर निघण्यापूर्वी शकुन पाहत आणि हत्येनंतर ‘तुपोनी’ नावाच्या विधीत गूळ खात, असे साक्षीदारांनी सांगितले. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे खंडेनवमीला शिपाई तलवार पुजतो, सुतार करवत पुजतो आणि कारकून लेखणी पुजतो. शकुन पाहिल्याखेरीज त्या काळी सावकारही घराबाहेर पडत नसे. धंद्याच्या हत्याराची पूजा करणारा माणूस तो धंदा धर्मासाठी करतो, असे आपण एरवी समजत नाही. ठगांमध्ये मुसलमान मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट स्लीमनला अडचणीची वाटली. त्याने साक्षीदारांना त्याबद्दल खोदून खोदून विचारले. भवानी आणि फातिमा एकच, असे उत्तर त्याला मिळाले. हे उत्तर त्यांच्या श्रद्धेतून आले की प्रश्नातून, हे संवाद वाचणाऱ्याने स्वतः ठरवावे. शिवाय स्त्रिया आणि गंगाजलाचे कावडवाले यांना मारणे देवीने निषिद्ध ठरविले आहे, असे हेच साक्षीदार सांगत. सलोहद्याच्या तंबूखाली निघालेल्या पाच जणांत चार कावडवाले होते आणि एक स्त्री होती. नियम मोडले म्हणून देवी कोपली आणि आम्ही पकडलो गेलो, असा खुलासा साक्षीदारांनी केला. स्लीमनला तो पटण्यासारखा होता, कारण त्यामुळे पंथाचा नियमही अबाधित राहत होता आणि कंपनीच्या यशाला देवीचीही संमती मिळत होती.

तिसरे लक्षण वंशाचे. येथे विज्ञानाचा प्रवेश होतो. कवटीच्या उंचसखलपणावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असे सांगणारे फ्रेनॉलॉजी नावाचे शास्त्र त्या वेळी युरोपात जोरात होते. हेन्री स्प्राय या सागरच्या डॉक्टरने तेथे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या मिळविल्या आणि १८३३ च्या सुमारास त्या एडिंबरोच्या फ्रेनॉलॉजी मंडळाकडे पोचल्या. १८३४ मध्ये रॉबर्ट कॉक्स याने त्यांची मापे घेऊन निबंध लिहिला. हत्यारी प्रवृत्तीचे केंद्र या कवट्यांत विलक्षण मोठे असावयास हवे होते, तसे ते आढळले नाही. तेव्हा शास्त्राने हार मानावयास हवी होती. त्याऐवजी ठगांचे संस्कार, संगत आणि धर्म यांकडे बोट दाखवून शास्त्र वाचविण्यात आले. जबलपूरच्या जबान्यांतून तयार झालेली कथा एडिंबरोत मापांवर मात करून गेली. ऐतिहासिक संशोधक किम वॅग्नर यांनी २०१० साली या कवट्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे, तो या दृष्टीने उद्बोधक आहे.

याच स्लीमनच्या हातून जबलपुरातच खऱ्या विज्ञानाचेही एक मोठे काम झाले, ही योगायोगाची गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. १८२८ साली बडा शिमला टेकडीजवळ त्याला काही अश्मीभूत हाडे मिळाली. स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरमार्फत ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर याने त्यांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. भारतात सापडलेला हा पहिला डायनोसॉर. पुढे अधिक अवशेष मिळाले, तुलना वाढली, आणि २००३ साली दोन शास्त्रज्ञांनी हे नाव ज्या लक्षणांवर आधारले होते ती अपुरी असल्याचे दाखवून ते नाव संशयास्पद ठरविले. एकाच माणसाने एकाच भूमीतून दोन प्रकारची हाडे वर काढली. डायनोसॉरच्या हाडांविषयीचा निष्कर्ष पुन्हा पुन्हा तपासला गेला. ठगांविषयीचा निष्कर्ष मात्र फार लवकर कादंबरीच्या स्वाधीन झाला, आणि तेथे तो तपासणीच्या पलीकडे गेला.

ही कादंबरी फिलिप मेडोज टेलर याची. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला टेलर सोळाव्या वर्षी मुंबईत आला आणि निजामाच्या चाकरीत शिरला. तुळजापूर, नळदुर्ग या भागाशी त्याचा पुढे दीर्घ संबंध आला. ‘तारा’ या त्याच्या कादंबरीतील तुळजापूर त्या परिचयातून उतरले आहे. हैदराबादच्या मुलखात ठगांच्या जबान्या घेण्याचे काम त्यानेही केले होते. १८३९ साली लंडनला त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही तीन खंडांची कादंबरी निघाली आणि पाहता पाहता गाजली. तिचा नायक अमीर अली बंदिवान आहे, माफीचा साक्षीदार आहे आणि एका साहेबाला तो आपली जीवनकथा सांगत आहे. त्याने ७१९ खून केले आहेत. ज्यांनी त्याला वाढविले त्यांनीच त्याच्या आईबापांना मारले होते आणि त्याने स्वतः अजाणता आपल्या सख्ख्या बहिणीचा प्राण घेतला, हे रहस्य कथेच्या ओघात उलगडते. टेलरने कादंबरीसाठी नवे तंत्र शोधण्याचे कारण नव्हते. कचेरीतील जबानीची चौकट त्याने तशीच उचलली. तीत प्रश्न विचारणारा साहेब जवळजवळ गप्प बसला आहे, एवढाच काय तो बदल. साहेब गप्प झाला, की आरोपीचे बोलणे उत्स्फूर्त वाटू लागते. जबानीवरील दडपणाच्या खुणा पुसल्या जातात आणि ‘मी’ असे म्हणणारा निवेदक वाचकाशी थेट बोलू लागतो. कादंबरीची कलात्मक ताकद येथे आहे आणि तिचा ऐतिहासिक धोकाही येथेच आहे.

आकड्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लखनौला कॅप्टन पेटन याने नोंदविलेल्या जबान्यांत बेहराम या ठगाच्या नावावर ९३१ हत्या आहेत आणि हा आकडा पुढे जागतिक विक्रमांच्या पुस्तकापर्यंत गेला. पण तो बेहराम ज्या मोहिमांत हजर होता त्यांतील एकूण हत्यांचा आहे. त्याच नोंदींत अन्यत्र तो स्वतःच्या हातांनी सुमारे सव्वाशे माणसे मारल्याचे सांगतो. सव्वाशे हा आकडाही भयंकरच आहे. पण लोकांच्या लक्षात राहिला तो मोठा आकडा, कारण अमीर अलीच्या वाचकांचे कान तोवर त्याच मापाला सरावले होते.

लंडनहून हा ठग पॅरिसला गेला. एझेन स्यू याची ‘भटका ज्यू’ ही कादंबरी १८४४-४५ मध्ये तेथील दैनिकात क्रमशः आली. तिच्यातील मुख्य कारस्थान जेझुइट संघाचे आहे आणि त्यांच्या जोडीला फिरंगिया हे नाव धारण करणारा ठग आहे. जबलपूरच्या दप्तरातील एक कैदी पंधरा वर्षांच्या आत युरोपीय गुप्त कारस्थानाचा साथीदार झाला. युरोपची भूमीही त्यासाठी तयारच होती. बव्हेरियात १७७६ मध्ये स्थापन झालेला इल्युमिनाटी हा संघ सरकारी बंदीमुळे दहा वर्षांतच मोडला. तरी फ्रेंच राज्यक्रांती त्यानेच घडविली, असे सांगणारे पुस्तक एडिंबरो विद्यापीठातील भौतिकीचा प्राध्यापक जॉन रॉबिसन याने १७९७ साली लिहिले. डॅन ब्राउन याच्या कादंबरीत हाच मृत संघ पुन्हा उभा राहतो. ‘दा विंची कोड’मधील सायन मठसंघाचा उगम तर १९५६ साली फ्रान्समध्ये नोंदविलेल्या एका मंडळात आणि त्याच्या चालकांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात घुसविलेल्या बनावट कागदपत्रांत आहे. तेथे बनावट कागद होते. जबलपूरचे कागद अस्सल होते, पण त्यांतील वाणी बांधलेली होती. दोन्ही ठिकाणी कादंबरीने कागदाचा आधार दाखवून वाचकाचा विश्वास मिळविला.

या कथेची चिकित्सा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ साली ठगांना माळव्यातील मराठी राज्यविस्तार आणि तेथील लहानमोठ्या लुटारू टोळ्या यांच्या संदर्भात पाहिले. राधिका सिंघा यांनी १९९० नंतरच्या लेखनात कायद्याची बाजू उलगडली. किम वॅग्नर यांनी २००७ च्या ग्रंथात चंबळकाठच्या ठगांचे जमीनदारांशी असलेले संबंध दाखविले. शिंद्यांच्या मुलखात ठगांच्या घरांवर कर आकारला जात होता, जमीनदारांना लुटीचा वाटा मिळत होता. ज्याच्या घरावर पट्टी बसते, तो गावाला तरी गुप्त नसतो. ठग हे बहुधा शेती, शिपाईगिरी आणि लूट यांत ऋतुमानाप्रमाणे फिरणारे लोक होते. त्यांच्या हत्यांचे क्रौर्य याने कमी होत नाही, पण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेल्या एका धर्मपंथाचे चित्र मात्र टिकत नाही.

कादंबरीतले चित्र कादंबरीत राहिले असते, तर एवढा ऊहापोह करण्याचे प्रयोजन नव्हते. ते कायद्यात आले. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने, ठगांच्या टोळीत कधीही सामील असल्याचे सिद्ध झालेल्या माणसाला सक्तमजुरीसह जन्मठेप ठरविली. त्याने अमुक एक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्याही त्या कायद्यात नव्हती. १८६० च्या दंडसंहितेत ती व्याख्या आली आणि २०२४ साली नवी न्यायसंहिता अमलात येईपर्यंत ती आपल्या कायद्यात होती. कृत्याऐवजी ओळखीला शिक्षा करण्याची जी वाट १८३६ साली पडली, ती पुढे रुंद झाली. वंशपरंपरागत गुन्हेगारीची कल्पना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संबंध जमातींना लावली. जन्मलेले मूलच गुन्हेगार ठरू लागले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या, हजेऱ्या लागल्या. १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. नाव बदलले तरी संशय चालूच राहिला.

मराठी साहित्याचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. टेलरच्या लेखनाचा ठसा आपल्या कादंबरीच्या बालपणावर उमटलेला आहे. हरि नारायण आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही ऐतिहासिक कादंबरी टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधाराने लिहिलेली आहे. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी घराघरांत टोळ्या, संकेत, वेषांतरे पोचविली. त्या कथांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली, हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु जबलपूरच्या कचेरीत जो ‘मी’ घडला, त्याला मराठीने दिलेले खरे उत्तर रहस्यकथेत नाही. ते लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांत आहे. या दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादेमीचे पुरस्कार मिळाले, तेव्हा अनेक समीक्षकांनी त्यांतील अनुभवाच्या वेगळेपणाची चर्चा केली. त्याच्या जोडीने निवेदकाच्या स्थानाचीही चर्चा व्हावयास हवी. गायकवाड यांचा जन्म ज्या जमातीत झाला, तिच्यावर गुन्हेगारीचा शिक्का होता. चोरीची तंत्रे, टोळीतली कामांची वाटणी, पोलिसांचा मार या साऱ्यांची हकीगत ‘उचल्या’त आहे. वरवर पाहता तो मजकूर ‘रामसियाना’च्या जातीचाच वाटेल. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की येथे समोर प्रश्न विचारणारा साहेब नाही. काय सांगावे, कोठे थांबावे, कोणत्या भाषेत सांगावे, हे सांगणाराच ठरवितो. अमीर अलीचा ‘मी’ फाशी चुकविण्यासाठी बोलतो, ‘उचल्या’चा ‘मी’ जन्मामुळेच कपाळी आलेला आरोप नाकारण्यासाठी बोलतो. एकाच्या बोलण्याने जमातीवरचे दप्तर जाड झाले, दुसऱ्याच्या बोलण्याने ते उघडून पाहणे भाग पडले.

म्हणून विद्यार्थ्यांनी या दोन प्रकारच्या पुस्तकांचे वाचन शेजारी शेजारी ठेवून करावे, असे सुचवावेसे वाटते. रहस्यकादंबरीचा आनंद घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. टेलरची कादंबरी आजही गुंगवून टाकते आणि स्लीमनच्या संवादांतले नाट्यही ओसरलेले नाही. पण कोणी ‘आतली गोष्ट’ सांगू लागला, की तो कोणाला सांगतो आहे, कशाच्या बदल्यात सांगतो आहे आणि त्याचे शब्द कोणी लिहून घेतले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय असावी.

या प्रश्नांनाही एक मर्यादा आहे. ठग बोलले, अधिकारी बोलले, कादंबरीकार आणि इतिहासकार बोलले. पुढे ज्यांच्या कपाळी शिक्का बसला त्यांची मुलेही बोलली. सलोहद्याच्या आमराईत जे सापडले, त्यांची जबानी मात्र कोणत्याच दप्तरात नाही. एक पंडित, एक हवालदार, चार कावडवाले, एक स्त्री अशी त्यांची नोंद आहे. ती स्त्री कोठली होती, कोणाच्या भरवशावर त्या वाटेने निघाली होती, चांगली सोबत मिळाली असे तिने कोणाला म्हटले होते काय, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. जबलपूरच्या या प्रदीर्घ प्रकरणात उलगडायचे राहून गेलेले रहस्य तेवढेच आहे.